मास्तरांनंतर कोण? ट्रस्ट करून निर्धास्त झालेल्या आईवडिलांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही. तरी तुमच्या घरातलं एक कपाट मला माहीत आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रस्टचा एक दस्त ठेवलेला आहे. स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या या मुलाचं, या मुलीचं आपल्या माघारी कसं होणार, या प्रश्नाने कित्येक रात्री जागून काढल्यावर तुम्ही तो केलात. वकिलाकडे फेऱ्या झाल्या, स्टॅम्प पेपर आला, सह्या झाल्या आणि त्या रात्री तुम्ही बऱ्याच दिवसांनी शांत झोपलात. त्या झोपेत थोडा व्यत्यय आणण्यासाठी हे पत्र लिहितोय. माफ करा.

माझ्या मामांनीही असाच ट्रस्ट केला होता. त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, आता चाळिशीत आहे. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. पैसे, सही, तारीख या गोष्टी तिच्या जगात नाहीत. माणसं मात्र तिला आपल्यापेक्षा बरी कळतात. मामांनी राहत्या घराचा हिस्सा आणि काही ठेवी ट्रस्टमध्ये टाकल्या आणि दोन विश्वस्त, म्हणजे तिच्यासाठी ही मिळकत सांभाळणारी माणसं, नेमले: एक ते स्वतः, दुसरे त्यांचे बालमित्र. हे मित्र शाळेत गणित शिकवायचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो.

त्या दस्तावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी दस्त वाचला होता का? नाही. मामांनी पान उलटून बोट ठेवलं, मी सही केली आणि आम्ही दुसऱ्याच विषयावर बोलायला लागलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात मलाही माझा वाटा घ्यायला हवा.

मामा गेले तेव्हा काही अडलं नाही. आपल्याकडच्या १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यात ७६वं कलम आहे. एकापेक्षा जास्त विश्वस्त असतील आणि त्यातला एक गेला, तर दस्तात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास मिळकत उरलेल्यांकडे जाते आणि ट्रस्ट चालू राहतो. मास्तर उरले, ट्रस्ट चालू राहिला. आणि मास्तरांनी तो असा चालवला की विचारू नका. शाळेच्या वहीसारखी लांबट वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि तळाशी बारीक अक्षरात टिपा. ‘चष्मा बदलला, जुना टाकू नये, झोपताना उशाशी लागतो.’ ‘सांभाळणाऱ्या बाईंना सुट्टीआधी दोन दिवस सांगून ठेवावे, अचानक गेल्या की हिला ताप येतो.’ दस्तात हे कुठेच नव्हतं. दस्तात ‘लाभार्थीच्या निर्वाहासाठी व हितासाठी’ एवढंच होतं.

मग मास्तर विसरायला लागले.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते टेबलाशी बसले होते. पुढ्यात चेकबुक आणि फाडून ठेवलेले तीन चेक. तिन्ही बाईंच्या पगाराचे, तिन्ही एकाच महिन्याचे. तिसऱ्यावर सही करताना त्यांचा हात थांबला होता. पहिलं अक्षर झालं होतं, पुढचं येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “तू जरा बस. आठवेल मला.”

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली. मृत्यूचा दाखला मिळतो, विसरण्याचा मिळत नाही. विश्वस्त गेला तर जागा रिकामी झाली हे बँकेपासून कोर्टापर्यंत सगळ्यांना कबूल असतं. विश्वस्त हयात आहे, दारात आलेल्याला नावाने हाक मारतो, चांगल्या दिवशी तेराचा पाढा धडाधड म्हणतो, आणि वाईट दिवशी ट्रस्ट म्हणजे काय हेच त्याला आठवत नाही. अशा वेळी जागा रिकामी आहे की भरलेली?

मी दस्त पहिल्यांदा तेव्हा वाचला. साक्षीदाराची सही करून बारा वर्षं झाल्यावर. नवा विश्वस्त कोणी नेमायचा, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. विश्वस्त अक्षम झाला तर काय, हेही नव्हतं. राजीनाम्याचं कलम नव्हतं. दोघांनाही आपण कायम राहणार असं वाटत होतं, असं नाही. दोघंही सत्तरीच्या आसपास होते, आणि आपलं वय झालंय हे रोज एकमेकांना सांगायचे. फक्त ते कागदावर उतरलं नाही.

दस्त गप्प असला की कायदा बोलतो. ७३वं कलम सांगतं की विश्वस्ताने पद नाकारलं, तो मरण पावला, सलग सहा महिने देशाबाहेर राहिला, कायमचा परदेशी गेला, दिवाळखोर ठरला, त्याला मुक्त व्हायचं असलं, किंवा तो काम करायला अपात्र वा असमर्थ झाला, तर नवा नेमता येतो. वाचून हायसं वाटतं. पण असमर्थ झाला हे कोण ठरवणार? तिथे शब्द आहेत ‘प्रमुख दिवाणी न्यायालयाच्या मते’. म्हणजे मास्तरांच्या मुलाचं मत नाही, डॉक्टरांचं नाही, आमचंही नाही.

आणि नेमणूक करायची कोणी? त्याच कलमात क्रम दिलाय. दस्तात ज्याला तो अधिकार दिला असेल त्याने. तसं कुणी नसेल, तर ट्रस्ट करणाऱ्याने, तो हयात आणि करार करण्यास सक्षम असला तर. किंवा उरलेल्या विश्वस्तांनी. किंवा शेवटच्या विश्वस्ताच्या कायदेशीर प्रतिनिधीने. आमच्या बाबतीत दस्तात कुणी नाही, मामा हयात नाहीत, उरलेले विश्वस्त म्हणजे स्वतः मास्तर, आणि ते हयात असल्यामुळे त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी हा प्रश्नच नाही. चारही दारं बंद. गंमत बघा, मास्तर गेले असते तर त्यांच्या मुलाला नेमणूक करता आली असती. तो मुलगा भला आहे, पण त्याने धाकटीला आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. तुमच्या दस्तात नेमणुकीचं कलम नसेल तर तुमच्या मुलीचा पुढचा विश्वस्त तुमच्या मित्राचा मुलगा ठरवू शकतो. हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं.

कुणीतरी सुचवलं, मास्तरांकडून मुखत्यारपत्र करून घ्या, चांगला दिवस बघून. सुचवणारा हितचिंतकच होता. पण विश्वस्ताला आपलं काम असं सरसकट दुसऱ्यावर सोपवता येत नाही, दस्तात परवानगी असल्याखेरीज किंवा कायद्याने मोजून दिलेले अपवाद असल्याखेरीज. शिवाय आपल्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज पडावी, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी. आणि ‘चांगला दिवस बघून’ सही घेणं म्हणजे काय, हे मास्तरांच्या समोर बसून मला स्वतःला विचारावं लागलं. नाही घेतली.

मग कोर्ट. ७४वं कलम लाभार्थीला अर्ज करू देतं. लाभार्थी धाकटी, तिला अर्ज म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून तिचा वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने कोर्टात बोलणारा माणूस, म्हणून मी उभा राहिलो. कोर्टाने काय पाहायचं हेही त्या कलमात लिहिलेलं आहे आणि ते मला आवडतं: ट्रस्ट करणाऱ्याची इच्छा दस्तातून काय दिसते, नेमणुकीचा अधिकार कुणाला दिला असल्यास त्याचं म्हणणं काय, नव्या नेमणुकीने ट्रस्टचं काम पुढे जाईल की अडेल, आणि लाभार्थी अनेक असले तर सगळ्यांचं हित. शहाणा माणूस याच चार गोष्टी बघेल. न्यायाधीशांनीही नीट बघितल्या. तक्रार तिथे नाही. तक्रार पावणेदोन वर्षांची आहे. तेवढा काळ ट्रस्टचा पैसा ट्रस्टच्या खात्यात पडून होता आणि बाईंचा पगार आम्ही तिघं भावंडं खिशातून देत होतो. आम्ही देऊ शकलो. प्रत्येकाला असे तीन खिसे असतातच असं नाही.

त्या काळात मास्तरांच्या घरी डॉक्टरांचे कागद मागायला मी गेलो. त्यांच्या पत्नीने फाइल दिली आणि एवढंच म्हणाल्या, “चोरी केल्यासारखं नाव येणार नाही ना रे यांचं कुठे?” आयुष्यभर एक पै इकडची तिकडे न केलेल्या माणसाला पदावरून दूर करण्यासाठी मला त्याच्या आजाराचं वर्णन करणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. ते मामांनी एका परिच्छेदात वाचवलं असतं.

कायदेपंडितांचं एक जुनं वचन सांगतात, विश्वस्त नाही म्हणून ट्रस्ट बुडत नाही, न्यायालय नवा नेमतं. खरं आहे. ट्रस्ट बुडाला नाहीच. पण बुडत नाही म्हणजे पोहतो असं नव्हे.

आता तुमच्या दस्ताकडे येतो. एक खुलासा आधी: हे सगळं घरगुती, खासगी ट्रस्टबद्दल आहे. सार्वजनिक संस्था, देवस्थानं, धर्मादाय ट्रस्ट यांचे कायदे आणि कचेऱ्या वेगळ्या आहेत.

सगळ्यात आधी अक्षमतेचा परिच्छेद. विश्वस्त काम करू शकत नाही हे कसं ठरेल, ते दस्तात लिहा. उदाहरणार्थ, दोन डॉक्टरांचं लेखी मत, त्यातला एक त्या विषयातला तज्ज्ञ, आणि ते मिळाल्यावर विश्वस्त पदावरून दूर झाला असं मानावं. विश्वस्ताने पद स्वीकारतानाच अशा तपासणीला संमती देऊन ठेवावी, नाहीतर वेळ येईल तेव्हा तो तपासणीला जाणार नाही, आणि कुठला डॉक्टर त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला कागद देणार? मास्तर धडधाकट असताना त्यांना ही संमती मागितली असती तर त्यांनी हसत सही केली असती, वर मसुद्यातलं शुद्धलेखनही तपासून दिलं असतं.

दुसरं, फक्त पुढचं नाव लिहून थांबू नका. ‘माझ्यानंतर माझा भाऊ’ एवढं लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण विश्वस्तपद स्वीकारायची सक्ती कुणावरही नसते, आणि भाऊ तुमच्याआधी जाऊ शकतो, परदेशी जाऊ शकतो, किंवा ऐनवेळी नाही म्हणू शकतो. नावं संपतात. म्हणून नावाच्या मागे नेमण्याची रीत हवी. कोण नेमणार, तो नसेल तर कोण, किती दिवसांत, आणि नेमणूक लेखी. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांसाठी २००० साली एक नमुना कायदा तयार झाला, त्यात रिकामी जागा भरायचा क्रम तीनच पायऱ्यांचा आहे: दस्तात सांगितलेला माणूस, तो नसेल तर लाभार्थ्यांनी एकमताने निवडलेला, तेही जमलं नाही तर कोर्टाने नेमलेला. मधली पायरी तुमच्या-माझ्या घरात उपयोगाची नाही, कारण आपली मुलं निवड करू शकत नाहीत, त्यासाठीच तर ट्रस्ट. म्हणजे आपल्याकडे पहिली पायरी चुकली की थेट कोर्टच.

इंग्लंडच्या १९२५ च्या कायद्यातही पहिला मान दस्तातल्या माणसाचाच, मग हयात विश्वस्तांचा, मग शेवटच्या विश्वस्ताच्या मृत्यूनंतर त्याची मिळकत सांभाळणाऱ्यांचा. तिथे देशाबाहेर राहण्याची मुदत बारा महिन्यांची आहे, आपल्याकडे सहा. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्यात पुढचा विश्वस्त म्हणून परदेशातल्या भाच्याचं किंवा पुतण्याचं नाव घालायची फार हौस. तो हुशार असतो, पैशाने बरा असतो, फोनवर प्रेमाने बोलतो. पण आपल्या कायद्याच्या ६०व्या कलमाच्या स्पष्टीकरणात योग्य विश्वस्त कोण नाही याची यादी आहे आणि तिची सुरुवातच परदेशात कायम वास्तव्य असलेल्या माणसापासून होते. कायदा बाजूला ठेवला तरी, रात्री अकराला बाई काम सोडून गेल्या तर दार कोण उघडणार? (जाता जाता, त्याच यादीत १८८२ च्या मंडळींनी अल्पवयीन मुलांबरोबर विवाहित स्त्रियांनाही बसवून ठेवलंय, लाभार्थीच्या व्यक्तिगत कायद्यात वेगळं काही नसेल तर. आमच्या घरात तीन पिढ्यांचे हिशोब विवाहित स्त्रियांनीच सांभाळले.)

त्या यादीतली दुसरी एक नोंद मात्र सोन्यासारखी आहे: ज्याचं हित लाभार्थीच्या हिताच्या विरुद्ध आहे, असा माणूस नको. यावर जरा थांबा, कारण इथे चांगल्या घरांत चांगली माणसं फसतात. मुलीच्या पश्चात ट्रस्टमध्ये उरेल ते तिच्या भावाला मिळेल, असं तुम्ही लिहिता. ते योग्यच आहे. आणि विश्वस्त म्हणून त्याच भावाचं नाव घालता. आता ती जगेल तोवर तिच्यावर होणारा प्रत्येक खर्च त्या भावाच्या वाट्यातून जाणार. तो वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण तिला महागड्या फिजिओथेरपीची गरज आहे की नाही हा निर्णय एकट्या त्याने घ्यावा, अशा जागी त्याला बसवू नका. गरज नाही असं त्याने प्रामाणिकपणे ठरवलं तरी नातेवाईक कुजबुजणार, आणि आहे असं ठरवलं तर त्याच्या घरात कुजबुज होणार. त्याला ठेवायचंच असेल तर सोबत बाहेरचं कुणीतरी ठेवा.

सोबत म्हणजे दोन तरी हवेतच. जिथे पैसे स्वीकारायचे आणि सांभाळायचे असतात तिथे किमान दोन विश्वस्त असावेत, हे त्याच कलमाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात म्हटलंय. पण दोन किंवा तीन नेमले म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्या कायद्यात दस्त वेगळं सांगत नसेल तर सगळ्या विश्वस्तांनी मिळूनच काम करायचं असतं, बहुमत आपोआप चालत नाही. त्या अमेरिकी नमुना कायद्यात सगळ्यांचं एकमत होत नसेल तर बहुमत चालतं. आपल्याकडे ते लिहून घ्यावं लागतं. तिघांपैकी एक मास्तरांसारखा झाला आणि दस्तात बहुमताचं कलम नसेल, तर उरलेल्या दोघांचे हातही बांधलेले.

राजीनामा. हे छोटं वाटतं आणि सगळ्यात जास्त छळतं. एकदा पद स्वीकारलं की विश्वस्ताला ते मनात आलं म्हणून सोडता येत नाही. कोर्टाची परवानगी हवी, किंवा लाभार्थी करार करण्यास सक्षम असेल तर त्याची संमती हवी, किंवा दस्तात तशी मुभा हवी. आपली मुलं संमती देऊ शकत नाहीत, म्हणजे दस्तात मुभा नसेल तर थकलेल्या माणसालाही सुटायला कोर्टात जावं लागणार. एवढा व्याप कोण करतो? माणूस नावाला विश्वस्त राहतो आणि लक्ष काढून घेतो. मला वाटतं, मास्तरांना वर्षभर आधी आतून कळलं असणार. वहीतल्या टिपा आखडत गेल्या होत्या. सोडायची वाट सोपी असती तर त्यांनी स्वतः सोडलं असतं. तीस दिवसांची लेखी सूचना आणि पुढच्या माणसाला हिशोब सोपवणं, एवढं पुरेल.

मोबदल्याबद्दल बोलायला आपण लाजतो. दस्तात लिहिलं नसेल तर विश्वस्ताला मेहनतान्याचा हक्क नाही, असंच कायदा म्हणतो. मित्र असेल तर तो घेणारही नाही. पण मित्रानंतर येणारा कदाचित तुम्हाला कधी न भेटलेला माणूस असेल, आणि तीस वर्षं फुकट हिशोब ठेवायला कोण येतो? वाजवी मोबदल्याची सोय ठेवा. ज्याला घ्यायचा नाही तो घेणार नाही. नात्यात कुणीच नसेल तर विश्वस्ताचं काम करणाऱ्या कंपन्या आहेत, शिवाय एकच विश्वस्त नेमायचा असेल तर कोर्ट सरकारी अधिकृत विश्वस्तालाही त्याच्या संमतीने नेमू शकतं. त्यांना विस्मरण होत नाही, हा मोठा गुण. धाकटीचा चष्मा उशाशी लागतो हे त्यांना कोण सांगणार, ही अडचण.

आणखी एक घोळ मी नेहमी बघतो. पालक वेगळा, विश्वस्त वेगळा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी स्थानिक समिती पालक नेमते. त्या पालकाच्या हाती तुमच्या ट्रस्टची चावी आपोआप येत नाही, आणि विश्वस्त झालात म्हणून मुलीच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायचा अधिकार मिळत नाही. दोन्ही जागांवर पुढचं कोण, हे दोनदा ठरवावं लागतं.

आणि वय. मामांनी मास्तरांना निवडलं कारण जगात सर्वांत जास्त विश्वास त्यांच्यावर होता. तुम्हीही तसंच केलं असेल. आपला जिवलग आपल्याच वयाचा असतो. पण मुलगी तुमच्या वयाची नाही. तुमच्या मित्राला तुमच्याच मागेपुढे म्हातारपण येणार. एक विश्वस्त मुलाच्या वयाचा हवा, जमल्यास त्याहून लहान. आज तो पंचविशीचा पोरगा वाटेल. वाटू दे.

ज्यांचे ट्रस्ट आधीच झाले आहेत त्यांनी दस्तात दुरुस्तीचं कलम आहे का ते आधी पाहावं. असेल तर तुम्ही धडधाकट आहात तोवर पुरवणी दस्त करून घ्या. नसेल तर काय करता येईल हे तुमच्या वकिलाला विचारा, कारण इथे प्रत्येक दस्ताचं उत्तर वेगळं. मात्र दस्तात हात घालता येत नसला तरी एक गोष्ट आजच करता येते आणि तिला स्टॅम्प पेपर लागत नाही. मुलाबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे ते एका वहीत लिहा. विश्वस्ताला ते कायद्याने बांधील नसतं, पण निर्णय घेताना त्याच्या हाताशी असतं. कोर्टाचा आदेश घेऊन मी मास्तरांकडे गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने कपाटाची किल्ली, लॉकरचे कागद, ठेवींच्या पावत्या दिल्या. त्या मी मोजून घेतल्या, दोन प्रतींत यादी केली, सह्या झाल्या. ते करायलाच हवं. आधीच्या विश्वस्ताच्या चुकीला नवा माणूस केवळ नवा म्हणून जबाबदार नसतो, पण आपल्या हाती नेमकं काय आलं हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं नाही तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे पुढे सांगता येत नाही. बँकेतलं नाव बदलायला, ठेवी नव्या नावाने करून घ्यायला पुढचे चार महिने गेले. आदेश हातात पडला की मिळकत कायद्याने नव्या विश्वस्ताची, पण काउंटरवरच्या माणसाला ते पटायला वेळ लागतो.

यादीत शेवटी ती लांबट वही होती. मी ती घेतली तेव्हा मास्तर आतून बाहेर आले. मला ओळखलं की नाही कोण जाणे. वहीकडे मात्र बघितलं आणि म्हणाले, “उजवीकडची बेरीज पुन्हा करून बघ.” घरी येऊन बघितली. शेवटच्या तीन पानांत चुकलेली होती.

आता मी विश्वस्त आहे, आणि माझ्या बरोबरीने माझी पुतणी. ती एकोणतीस वर्षांची आहे, विवाहित आहे, १८८२ ची मंडळी काहीही म्हणोत. कोर्टाकडे मी पहिल्या दिवसापासून दोन नावं मागितली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं धाकटीकडे जातो. हिशोब पुतणी लिहिते, मी तपासतो. गेल्या दोन महिन्यांपासून मी मुद्दाम एखादी चूक तिच्यासमोर ठेवतो. दोन्ही वेळा तिने पकडली. मला चूक पकडता येईनाशी होईल तेव्हा काय करायचं, त्याचा कागद तिच्याकडे सही करून दिलेला आहे. त्यावर डॉक्टरांची नावं नाहीत, फक्त किती, कोणत्या विषयातले आणि माझी संमती.

आपला,
एक विश्वस्त, पूर्वीचा साक्षीदार

ता. क. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलासाठी ट्रस्ट केला आणि साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं. मी दस्त आदल्या दिवशी वाचायला मागितला. ते जरा दुखावले. “तुमचा विश्वास नाही का?” म्हणाले. तरी पाठवला. नेमणुकीचं कलम होतं, राजीनाम्याचं होतं, अक्षमतेचं नव्हतं. सही तीन आठवडे पुढे गेली.